ताहितीच्या शेवटच्या राजाने दारूपायी राज्य विकलं का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे की पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाचा शेवटचा राजा पोमारे पाचवा याने दारू आणि उधारीपायी अख्खं राज्य फ्रान्सला विकून टाकलं, त्याच्या थडग्यावर म्हणे दारूची बाटलीच बसवलेली आहे, तर हे कितपत खरं, आणि राज्य फ्रान्सच्या हवाली करणारा 1880 चा तो सह्यांचा कागद कायद्याने पक्का होता का. मी एमएच्या मुलांना वसाहतवादाचा इतिहास बरीच वर्षं शिकवलाय, आणि पॅसिफिकचा भाग आला की हा बाटलीचा किस्सा कुणीतरी हमखास काढतंच, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे पण दोन ओळींत बसत नाही.

आधी थोडक्यात सांगतो. दारू प्यायचा, भरपूर प्यायचा, त्याबद्दल वाद नाही. पण विकलं म्हणायला हातात काहीतरी असावं लागतं ना, आणि 1880 मध्ये त्याच्या हातात जे होतं ते म्हणजे पदवी, मान, आणि सही करायचा अधिकार, बस. राज्य त्याच्या आईच्या काळातच गेलं होतं. आणि ज्या सहीबद्दल त्याला शिव्या पडतात त्याच कागदात त्याने काही अटी घालून ठेवल्यात, ज्या कुणी वाचत नाही. माझा सगळा मुद्दा खरं तर तेवढाच आहे, बाकीचं तो समजावा म्हणून.

आता पहिली गोष्ट, हे पोमारे घराणं काही हजार वर्षांचं प्राचीन वगैरे नव्हतं. युरोपियन जहाजं आली (वॉलिस 1767, बुगेनव्हिल 1768, कुक 1769) तेव्हा ताहितीवर एक राजा असा नव्हताच, वेगवेगळे सरदार, त्यांच्या कुळांच्या आपापसातल्या लढाया, आणि त्यात दक्षिणेकडचं तेवा कूळ मानाने सगळ्यात मोठं समजलं जायचं. पोमारे लोकांचा भाग उत्तरेला, मातावाईच्या खाडीजवळ, आणि नांगर टाकायला जहाजं नेमकी तिथेच यायची. हे नशीब म्हणा किंवा भूगोल म्हणा. बाहेरून आलेल्यांना वाटलं हाच इथला राजा, आणि यांनीही ते वाटू दिलं. बाउंटी जहाजावर बंड करून ताहितीत राहिलेले खलाशी पहिल्या पोमारेच्या बाजूने बंदुका घेऊन लढले, मग 1797 ला लंडनचे मिशनरी आले, मग ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीला खारवलेलं डुकराचं मांस पाठवायचं आणि बदल्यात बंदुका घ्यायच्या असा धंदा सुरू झाला. दुसऱ्या पोमारेने 1815 ची मोठी लढाई जिंकली, 1819 ला बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षी मिशनऱ्यांच्या मदतीने लेखी कायदे काढले, आणि झालं, ताहितीत राजेशाही आली. म्हणजे राजेशाही आली तीच मुळात जहाजांबरोबर. तेवा कुळाच्या लोकांनी हे कधी मनापासून मान्य केलं नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आई. पोमारे चौथी, नाव आइमाता, 1827 ते 1877, पन्नास वर्षं राणी. खरी शोकांतिका हिची आहे, मुलाची नाही, असं माझं स्पष्ट मत. 1836 मध्ये दोन फ्रेंच कॅथलिक पाद्री बेटावर आले, ब्रिटिश मिशनरी प्रिचर्डच्या सल्ल्याने राणीने त्यांना परत पाठवलं, आणि फ्रान्सला निमित्त मिळालं. सप्टेंबर 1842 मध्ये अॅडमिरल द्युपेती-थुआर युद्धनौका घेऊन हजर, मागणी दहा हजार पियास्तर अनामत ठेवा नाहीतर तोफा डागतो. राणी तेव्हा शेजारच्या मोओरेआ बेटावर, बाळंतपणाचे दिवस अगदी तोंडावर आलेले, काही दिवसांतच तिला मुलगा झाला. अशा अवस्थेत तिच्याकडून संरक्षणाच्या अर्जावर सही घेतली, म्हणजे फ्रान्सने आम्हाला संरक्षण द्यावं असं तिनेच मागितलं असा कागद. संरक्षण कुणापासून, तर ज्यांच्या तोफा समोर उभ्या आहेत त्यांच्यापासूनच. वसाहतवादातले कागद वाचायला शिकायचे असतील तर हा पहिला घ्यावा.

पुढच्याच वर्षी तोच अॅडमिरल परत आला आणि राणी झेंड्यावरून ऐकत नाही म्हणून सरळ विलीनीकरणच जाहीर करून टाकलं. पॅरिसने 1844 च्या सुरुवातीला ते नाकारलं, कारण इंग्लंडशी उगाच भांडण नको होतं, पण तोपर्यंत बेटावर युद्ध पेटलेलं. प्रिचर्डला धरून हाकलून दिलं, त्यावरून लंडन आणि पॅरिसमध्ये इतका गदारोळ झाला की लोकांना दोन महासत्तांचं युद्ध होतंय की काय असं वाटायला लागलं, आणि ताहितीचे लोक मात्र इकडे डोंगरात शिरून फ्रेंचांशी लढत होते, एप्रिल 1844 ला माहाएनाला मोठी लढाई, मग दोन-अडीच वर्षं खोऱ्याखोऱ्यातून, शेवटी डिसेंबर 1846 ला फाउताउआचं डोंगरी ठाणं पडलं. राणी तेव्हा रायातेआ बेटावर होती, व्हिक्टोरिया राणीला पत्रं लिहीत होती, मदत काही आली नाही. 1847 ला ती परत आली ती फ्रेंचांच्या अटींवर. त्यानंतरचा ताहितीचा झेंडा बघा, लाल-पांढरा-लाल पट्टे आणि वरच्या कोपऱ्यात फ्रेंच तिरंगा डकवलेला. राज्य कुणाचं होतं हे त्या कोपऱ्यावरून कळतं. पुढच्या तीस वर्षांत एकेक करून कोर्टं, कर, बंदर, सगळं फ्रेंच अधिकाऱ्यांकडे गेलं.

तर पोमारे पाचवा 1877 ला गादीवर आला तेव्हा अशी परिस्थिती होती. जन्म 1839 चा, म्हणजे लहानपण सगळं या धामधुमीत गेलं. थोरला भाऊ आधीच वारला म्हणून हा वारस. भावंडांपैकी एकजण रायातेआचा राजा झाला, बहीण बोरा बोराची राणी, आणि हा गडी मात्र राजकारणात कधी रमलाच नाही. पहिलं लग्न मोडलं, दुसरं 1875 ला माराउ सामनशी, ती चौदा वर्षांची आणि हा पस्तिशीचा. माराउचा बाप अलेक्झांडर सामन हा इंग्लंडहून आलेला ज्यू व्यापारी आणि आई आरीइ तायमाइ, तेवा कुळातली सगळ्यात मोठी बाई. म्हणजे जुन्या वैऱ्यांच्या घरातली मुलगी आणि वर इंग्रज रक्त. हे लग्न टिकलं नाहीच, नावापुरतं काही वर्षं ओढलं आणि मग घटस्फोट. पण फ्रेंचांना त्यात खरा प्रश्न दिसला तो वेगळाच, की यांचं मूल उद्या गादीवर बसलं तर इंग्रजी नात्यागोत्यातलं बसणार. म्हणून 1877 मध्ये, नवा राजा जाहीर करतानाच, त्याच्यानंतर कोण हेही फ्रेंच अॅडमिरलने ठरवून टाकलं: माराउची मुलं नाहीत, तर राजाची पुतणी, आणि तिच्यानंतर पुतण्या. बघा म्हणजे, स्वतःच्या पोराला गादी द्यायचा हक्कसुद्धा राजाकडे उरला नव्हता. असा माणूस काय विकणार हो?

मग 1880 लाच एवढी घाई का? तर राजाच्या दारूपेक्षा नकाशा बघावा. 1879 ला पॅरिसमध्ये पनामा कालव्याचं ठरलं, आणि कालवा झाला तर पनामाहून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे जाणाऱ्या जहाजांना मधे कोळसा-पाण्यासाठी ताहिती सोयीचं पडेल असा सगळ्यांचा हिशोब. जर्मन व्यापारी आणि जर्मन जहाजं पॅसिफिकमध्ये शिरलेली, आजूबाजूच्या बेटांवर त्यांचा डोळा. त्यात राजाची तब्येत खराब, उद्या अचानक गेला तर वारसाचा घोळ होणार. नुसतं संरक्षण असेल तर नवीन राजा आला की सगळं परत बोलायला लागतं, विलीनीकरण केलं की विषय मिटला. हे काम करायला इझिदोर शेसे नावाचा अधिकारी आला, चलाख माणूस. त्याने आधी जिल्ह्याजिल्ह्यांचे सरदार पटवले, मग राजा. 29 जून 1880 ला राजधानी पापेएतेमध्ये राजाने आणि सरदारांनी सह्या केल्या, फ्रेंच संसदेने वर्षअखेरीला 30 डिसेंबरच्या कायद्याने शिक्का मारला.

आता तो कागद. पहिल्या भागात अपेक्षित तेच, की आम्ही आमच्या राज्याचा कारभार आणि सगळे हक्क आज आणि कायमचे फ्रान्सच्या हवाली करतो. इथपर्यंत वाचून लोक थांबतात आणि विकलं म्हणतात. पुढे वाचा. राजा म्हणतो की माझ्या लोकांवर राज्य करताना ताहितीचे कायदे आणि रूढी ध्यानात घ्या. मग म्हणतो की किरकोळ तंटे आमच्या जिल्हा पंचायतींकडेच राहू द्या, कारण लोकांना लांब जायला लागतं आणि खर्च पडतो. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, जमिनीचे सगळे वाद आमच्या स्थानिक न्यायालयांकडेच ठेवा. हे वर्गात वाचताना मी नेहमी त्या दुसऱ्या अटीशी थांबायचो. पापेएतेच्या कोर्टात खेटे घालायचे म्हणजे होडीभाडं, दिवस मोडणार, वर फ्रेंच येत नाही म्हणून दुभाषा, हे सगळं कुणालातरी नीट माहीत होतं आणि त्याने ते राज्य सोडतानाच्या कागदात आणलं. राजाने स्वतः सुचवलं की सरदारांनी आग्रह धरला हे त्या मजकुरावरून कळत नाही, मला सरदारांचा हात जास्त वाटतो, पण सही राजाची आहे आणि शुद्धीत असलेल्या माणसांनी केलेला हा कागद आहे, पैशासाठी झिंगून खरडलेला नाही.

पैसे मिळाले का? मिळाले की. राजाला आयुष्यभर पेन्शन, राणीला आणि घरातल्या इतरांनाही पेन्शन, राजा ही पदवी मरेपर्यंत कायम, वर लेजिओं दॉनर हे फ्रेंच पदक. शिवाय त्याच्या प्रजेला फ्रेंच नागरिकत्व मिळालं, जे बाकीच्या बहुतेक फ्रेंच वसाहतींत मिळत नव्हतं. लोभ अजिबात नव्हता असं मी म्हणत नाही, पेन्शनचा आकडा ठरताना राजाचे कान टवकारले असणारच. पण नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं ते पुढच्या काही वर्षांत शेजारच्या बेटांवर दिसलंच. रायातेआ, हुआहिने, बोरा बोरा ही बेटं इंग्लंड-फ्रान्समधल्या 1847 च्या करारामुळे स्वतंत्र राहिली होती, तो करार 1887 ला रद्द केला, 1888 ला फ्रान्सने बेटं घेतली, आणि रायातेआवर तेराउपोओ नावाच्या सरदाराने नऊ वर्षं विरोध केला. 1897 ला सैन्य उतरवून तो मोडला आणि त्याला न्यू कॅलेडोनियाला हद्दपार केलं. ताहितीच्या लोकांनी तर हा अनुभव 1844 ते 46 मध्येच घेतलेला होता, आणि त्यांची संख्या उरली होती दहा हजारांच्या आसपास, बाहेरून आलेल्या रोगांनी अगोदरच निम्म्याहून जास्त माणसं नेलेली. पुन्हा लढा म्हणणं इथे बसून सोपं आहे.

मग "दारूडा राजा" हीच गोष्ट एवढी का पसरली? कारण ती सगळ्यांनाच सोयीची होती. फ्रेंचांना सोयीची, कारण असल्या माणसाकडून कारभार घेतला तर उपकारच केले म्हणता येतं. तेवा कुळाला सोयीची, कारण पोमारे हे मुळात उपरे, लायकी नसलेले, हे त्यांचं म्हणणं पिढ्यानपिढ्या होतंच. माराउची आई आरीइ तायमाइ हिने आपल्या कुळाचा इतिहास 1891 मध्ये अमेरिकन इतिहासकार हेन्री अॅडम्सला सांगितला, त्याने तो लिहून काढला, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला ताहितीचा जुना इतिहास कळला तो बराचसा याच बाजूने. घटस्फोट दिलेल्या जावयाबद्दल सासरवाडीचे लोक काय बोलणार हे वेगळं सांगायला नको. इतिहास शिकताना आधी कोण सांगतंय ते बघा हे मी इतक्यांदा बोललोय की मुलं माझी नक्कल करायची.

थडग्याचं बोलू. आरुए गावात, समुद्राकाठी, पोवळ्याच्या दगडांची पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळती होत गेलेली बांधणी, लाल दरवाजा, आणि अगदी टोकावर एक झाकणवाला दगडी कलश. टूरिस्ट गाईड सांगतात की ही बेनेडिक्टीन दारूची बाटली, राजाची आवडती. तो ग्रीक पद्धतीचा कलश आहे, युरोपातल्या त्या काळच्या स्मशानांत असे ढिगाने सापडतील, आणि मुख्य म्हणजे ही कबर बांधली गेली 1879 मध्ये राणी पोमारे चौथीसाठी. आईच्या थडग्यावर कुणी मुलाच्या आवडीची दारूची बाटली बसवतं का? राजाचा खरा गुन्हा इथे दुसराच आहे, त्याने नंतर आईचे अवशेष तिथून हलवले आणि जागा स्वतःसाठी ठेवली. नावं ठेवायचीच तर त्याला ठेवा, पण हे गाईड फारसं सांगत नाहीत, बाटलीचं सांगतात.

12 जून 1891 ला तो गेला. त्याच महिन्यात, अॅडम्स बेट सोडून गेल्यावर काहीच दिवसांनी, चित्रकार पॉल गोगँ पापेएतेला उतरला होता, तो पहिल्यांदाच येत होता आणि बघतो तर राजाची अंत्ययात्रा. चित्रकार आहे म्हणून सरकारी बांधकाम खात्याच्या साहेबाने त्याला दरबार कसा सजवावा ते विचारलं, तर गोगँने समोर बोट दाखवलं, माराउ स्वतः फुलं आणि कापडं घेऊन सजावट करत होती. घटस्फोट झालेली बायको, राज्य गेलेलं, आणि शेवटचं काम तिनेच केलं. गोगँने पुढे याचा अर्थ जुनी ताहिती राजाबरोबर मेली असा लावला, आणि ते त्याला हवंच होतं, कारण हरवलेल्या स्वर्गाच्या शोधात आलेल्या माणसाला स्वर्ग हरवलेलाच लागतो. मला ते फार पटत नाही. भाषा होती, माणसं होती, कुळं होती, जमिनी होत्या.

जमिनींवर मात्र गदा आली आणि तिथे 1880 च्या अटींचं काय झालं ते कळतं. 1887 च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच सरकारने हुकूम काढला की ज्याची जमीन असेल त्याने ठरलेल्या मुदतीत दावा नोंदवायचा, नाहीतर ती सरकारी हिशोबात जाणार. ताहितीत जमीन एका माणसाची नसायची, कुळाची असायची, मग कुणीतरी एकाने किंवा चार भावंडांनी नाव लावलं, शेजाऱ्याने त्याच जमिनीवर आपलं लावलं, आणि वाटणी कधीच झाली नाही. आज तिथे एकेका तुकड्यावर शेकड्यांनी वारस आहेत, आपल्याकडच्या आजोबा-पणजोबांच्या नावाने अडकलेल्या सातबाऱ्यासारखंच, फक्त कितीतरी पटीने जास्त. जमिनीचे वाद स्थानिक न्यायालयांकडे ठेवा ही अट हळूहळू कागदावरच राहिली आणि नंतर ती न्यायालयंही गेली. राजाने नेमकी नस ओळखली होती म्हणायची, पण अट पाळली जाते का ते बघायला मागे कुणी ठेवलं नव्हतं, कारण राज्यच सोडलं तर जाब कोण विचारणार.

कायदेशीरपणाचं विचारलंय तर सरळ सांगतो. त्या काळच्या युरोपियन कायद्याच्या चौकटीत कागद पक्का होता: राजा, सरदार, सह्या, संसदेची मंजुरी, इतर कुठल्या सत्तेने ताणून आक्षेप घेतला नाही. पण संमती खरी होती का हा वेगळा प्रश्न आणि त्याचं उत्तर 1842 च्या तोफांपासून सुरू करावं लागतं. शिवाय ज्या अटींवर सही झाली त्या पाळल्या नाहीत तर कराराचं काय, हा तिथल्या वकिलांचा मुद्दा आहे आणि तो मला वजनदार वाटतो. 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी फ्रेंच पॉलिनेशियाला (ताहिती आता याच प्रदेशाचा भाग) वसाहतमुक्त व्हायच्या प्रदेशांच्या यादीत परत घातलं, म्हणजे विषय संपलाय असं फ्रान्स सोडून फारसं कुणी म्हणत नाही.

हवाईशी तुलना बरेच जण करतात म्हणून थोडंसं. हवाईचा शेवटचा राजा कालाकाउआ हाही 1891 मध्येच वारला, जानेवारीत, सॅन फ्रान्सिस्कोला. (हा राजा 1881 च्या जगप्रवासात कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईला आला होता, कुणाला माहीत नसतं.) पण तिथे त्याच्या नंतर बहीण लिलिउओकालानी राणी झाली, 1893 ला अमेरिकन धंदेवाल्यांनी तिला उलथवलं आणि विलीनीकरण 1898 ला झालं, म्हणजे तिथे करारावर राजाची सही नाहीच, सरळ बंड. ताहितीत सही आहे. त्यामुळे दोन्हीकडचे वाद वेगळ्या तऱ्हेने चालतात, एक ठिकाणी चोरी झाली म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी करार मोडला म्हणतात. टोंगाने मात्र 1875 मध्येच स्वतःची राज्यघटना करून घेतली होती आणि त्यांचा राजा अजूनही आहे.

राहिला वारसांचा प्रश्न. पोमारे घराण्याचे वंशज आहेत, 2009 मध्ये त्यातल्या एकाने स्वतःला राजा म्हणून जाहीरही केलं होतं, पण घरातल्याच लोकांनी पाठ फिरवली. राजकारणात त्याला किंमत नाही. किंमत आहे ती 29 जूनला. फ्रेंच पॉलिनेशियाच्या सरकारने 1980 च्या दशकात स्वायत्तता मिळाल्यावर सुट्टीसाठी नेमका हाच दिवस निवडला, मिरवणुका वगैरे काढल्या, आणि स्वातंत्र्यवादी पक्षांचे लोक त्याच दिवशी राज्य गेल्याचा निषेध करत आले.